पुढील ठराव होईपर्यंत

पेला ओठाला लावला आणि मला कळलं, हा रस सगुणाच्या हातचा आहे.

सगुणाला जाऊन तेव्हा सव्वादोन महिने झाले होते.

सप्टेंबरचा पहिला रविवार होता. आमच्या मंडळीत प्रभुभोजन तीन महिन्यांनी एकदा होतं. मी मंडळीचा पंच होतो आणि सेक्रेटरीही. मी आणि थोरातकाका पेल्यांची तबकं घेऊन बाकांमधून फिरायचो. सगळ्यांना देऊन झालं की पुढं जाऊन पाळकांच्या हातून आम्ही दोघं घ्यायचो, आणि मग पाळक म्हणाले की सगळी मंडळी एकदम प्यायची. असा रिवाज होता. त्या दिवशी मी प्यालो आणि जागेवरच उभा राहिलो. थोरातकाकांनी मला कोपर मारलं.

"मकासरे, चला की. ठसका लागला काय?"

ठसका लागला नव्हता. आमच्याकडं प्रभुभोजनाला काळ्या मनुकांचा रस करतात. मनुका रात्रभर भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करून गाळायच्या. सगळीकडं असाच करतात. पण सगुणा मनुका भिजवण्याआधी लोखंडी तव्यावर भाजायची, जरा फुगेपर्यंत. त्यामुळं रसाला मागून किंचित करपट चव यायची, काकवीसारखी. तेवीस वर्षं मंडळी तिच्याच हातचा रस पीत आली. भाजायचं ती कुणाला सांगायची नाही. पाळकीणबाईंनी एकदा विचारलं तर म्हणाली, "आधी प्रार्थना करते, बाकी काही नाही." मला ठाऊक होतं, कारण तवा आमच्या घरचा जायचा.

त्या दिवशी घरी जाऊन आधी तवा पाहिला. तो खुंटीलाच होता, धूळ बसलेला.

म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी ते माहीत होतं. आणि ते तिनंच सांगितलेलं असणार.

संध्याकाळी मी लिदियामावशीकडं गेलो. मावशी चर्च झाडायची, घंटा वाजवायची, आणि मागच्या खोलीची किल्ली तिच्याच कमरेला असायची. रस त्याच खोलीत होतो.

"मावशी, रस कुणी केला?"

"कुठला रस?"

"आज प्यालीस तो."

"मी बाबा डोळे झाकून पिते. प्रभूचं रक्त म्हणून पिते. तू काय बघून पितोस?"

"किल्ली तुझ्याकडं असते."

"किल्ली माझ्याकडं, चूल पाळकांची, मनुका मंडळीच्या. मला काय इचारतो? च्या पितो का?"

मी चहा घेतला नाही. पाळकसाहेबांना विचारलं. तोरणे पाळक तरुण होते, आमच्याकडं येऊन अडीच-तीन वर्षं झाली होती. ते म्हणाले, "झाला एकदाचा, शांतवनराव. देवानं सोय केली," आणि लगेच आजारी माणसांच्या भेटींचं बोलायला लागले. सरळ माणूस असा विषय बदलत नाही. मी तेव्हाच ओळखलं की ह्या दोघांना माहीत आहे, आणि त्यांनी मला न सांगायचं ठरवलंय.

एकट्या माणसाला विचार करायला वेळ फार मिळतो. माझं काम पाण्याच्या मोटारी भरायचं. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी तार मोजून भरायची. हात कामात असतात, डोकं मोकळं. माझ्या डोक्यात सगुणाचे शनिवार फिरायला लागले.

शनिवारी आमच्याकडं बाजार. आठ-दहा खेड्यांतले लोक मोटारी घेऊन यायचे, मला मान वर करायला सवड नसायची. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी सगुणा जेवण झाकून ठेवून एकटी चर्चला जायची, ती दिवे लागायच्या वेळेला परत यायची. कपड्यांना धुराचा वास आणि मन खुशीत. आल्या आल्या गीत गुणगुणायची. मला तेव्हा ते बरं वाटायचं.

पण शेवटची दोन वर्षं तिच्या बोटांना संधिवात होता. बोटं वाकडी झाली होती. घरी ती परातीत हात घालत नव्हती. भाकरी मी थापायचो. रोज नवा नकाशा व्हायचा, आणि ती म्हणायची, "आज कुठला जिल्हा?" जिला कपाची दांडी धरवत नव्हती, ती दोन किलो मनुका कशा कुस्करत होती? हे मला ती असताना सुचलं नाही. ती गेल्यावर सुचलं. आणि एकदा सुचलं की मग थांबेना.

मेलेल्या बायकोचा संशय घ्यायला काही लागत नाही. ती समोर येऊन उत्तर देत नाही.

नोव्हेंबरात लिदियामावशी तिचा टेबलफॅन घेऊन दुकानात आली.

"पंखा फिरतोय, पण वारा देत नाही," म्हणाली. "आपल्या पंचकमिटीवाणी."

मी पंखा उघडला. ती स्टुलावर बसून बोलत राहिली. बोलता बोलता सगुणाचा विषय निघाला.

"मोठ्या मनाची बाई. शिकवायची तर काय चिकाटीनं! अन् त्यानं पण किती जीव काढला, अगदी बाईंसारखाच झाला पायजे म्हणून..."

माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

"त्यानं?"

मावशीनं पदर तोंडाला लावला.

"त्यानं म्हणजे कुणी?"

"मी त्यानं म्हटलं का? तिनं म्हटलं."

"मावशी."

"जीभ हाय बाबा, घसरती. पंखा ठेव, मी उद्या नेते." ती उठली. दारात वळून म्हणाली, "शांतवन, तू वाईट काही मनात आणू नको. तुझ्या बायकोला मी ओळखत होते."

तिनं असं म्हटल्यामुळं मी जास्तच वाईट मनात आणलं.

म्हणजे पुरुष होता. दोन वर्षं, दर तीन महिन्यांनी, बंद खोलीत, मी मोटारी भरत असताना. मी मंडळीतले सगळे पुरुष मनातल्या मनात ओळीनं उभे केले. रविवारी उपासनेला बसलो की प्रवचन ऐकायचं सोडून माना बघायचो. कुणाची नजर माझ्याकडून लवकर वळते, कुणी सलाम करताना हात लवकर सोडतो. देवाच्या घरात बसून मी चोर शोधत होतो. रात्री तिच्या फोटोकडं पाठ करून झोपायला लागलो. आता अकरा वर्षं झाली, तरी हे लिहिताना लाज वाटते.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा प्रभुभोजन होतं. आदल्या शनिवारी, भर बाजारात, मी दुकानाचं शटर खाली ओढलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. दुपारचे तीन वाजले असतील.

चर्चच्या मागच्या खोलीत सतरंज्या, पेटी, तबला आणि नाताळचे कागदी तारे असतात. दार लोटलेलं होतं. आतून मनुका भाजल्याचा वास येत होता. मी दार ढकललं.

चुलीसमोर बेन्या बसला होता.

बेन्यामीन वाघचौरे. मी कुणाचीही कल्पना केली होती, त्याची केली नव्हती. बेन्या पूर्वी ओढ्याच्या काठी हातभट्टी लावायचा. गुळाची दारू काढायचा, आणि पाच कोसांत तिचं नाव होतं. पंधरा वर्षांपूर्वी मंडळीनं त्याचं प्रभुभोजन बंद केलं होतं. ठराव माझ्याच हातचा होता. तेव्हापासून तो शेवटच्या बाकावर बसायचा. तबक आलं की न घेता शेजाऱ्याकडं द्यायचा.

त्याच्या हातात पातळ फडकं होतं. सगुणाच्या निळ्या लुगड्याचा तुकडा. मी तो लगेच ओळखला.

तो उठून उभा राहिला. घाबरला, पण पळाला नाही.

"या, दाजी," तो म्हणाला.

पंधरा वर्षं तो मला सेक्रेटरीसाहेब म्हणत होता.

"दाजी कुणाला म्हणतोस रे?"

"तुम्हालाच. ताईंनी मला भाऊ मानलं, मग तुम्ही दाजीच. त्या असताना म्हणायची छाती झाली नाही."

"कधीपासून चाललंय हे?"

"त्यांची बोटं गेली तेव्हापासून. त्या ह्या पोत्यावर बसायच्या अन् सांगायच्या. जाळ कमी कर. हलव. आता उतरव. मी करायचो."

"दोन वर्षं?"

"आठ वेळा त्यांच्यासमोर. सप्टेंबरला एकट्यानं. आज दुसऱ्यांदा."

मी हिशेब करत होतो. म्हणजे सगुणा जिवंत असताना आठ वेळा मी ह्याच्या हातचं प्यालो होतो. मीच तबक घेऊन फिरलो होतो. आणि आठही वेळा ह्याच्यासमोरून तबक पुढं गेलं होतं.

मी पातेल्यापाशी गेलो आणि वाकून वास घेतला.

"घ्या, घ्या वास," बेन्या म्हणाला. "मी असतो तर मीबी घेतला असता. पण दाजी, सगळी मंडळी चढून घरी गेली असती तर गेल्या खेपेलाच कळलं असतं की."

"थट्टा करू नकोस. चाखून दाखव."

"ते नाही जमायचं."

"का? काय घातलंय?"

"काही नाही घातलं. पण मला बंदी हाय ना. हा रस प्रभूच्या मेजावर जायचा. मी कसा चाखू?" तो शांतपणे म्हणाला. "मी आजवर चाखला नाही. वासावर करतो. ताई चाखायच्या."

मला हे खरं वाटलं नाही. दहा वेळा रस करणारा माणूस बोट चाटत नाही? मी म्हणालो, "खोटं बोलतोस," आणि तडक पाळकांच्या घरी गेलो. पाळक अंगणात सायकल पुसत होते.

"साहेब, बंदी असलेला माणूस प्रभुभोजनाचा रस करतो. तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि मला सांगितलं नाही?"

"सगुणाबाईंनी सांगू नका म्हणून विनंती केली होती. त्या म्हणाल्या, हे माझ्या घरातून सुटू द्या."

"काय सुटू द्या?"

"ते त्यांनी मला सांगितलं नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मी म्हणालो, "मला एवढंच माहीत आहे की नियम आहे. आत्ता ठराव वाचा आणि त्याला बाहेर काढा. नाहीतर उद्या मी उभा राहून सांगतो की हा रस कुणाच्या हातचा आहे. बघू किती जण पितात."

पाळकांनी फडकं सायकलवर टाकलं. "आणा ठरावाचं पुस्तक."

मी घरून पुस्तक आणलं. आम्ही मागच्या खोलीत गेलो. बेन्या चुलीपाशीच होता. त्यानं जाळ काढून ठेवला होता. पाळकांनी पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं.

"'बेन्यामीन वाघचौरे यांनी दारू गाळण्याचा धंदा केल्याचे मंडळीसमोर कबूल केले व पश्चात्ताप व्यक्त केला. सबब त्यांचे प्रभुभोजन पुढील ठराव होईपर्यंत बंद करण्यात येत आहे.'" त्यांनी मान वर केली. "आपणहून कबूल केलं होतं?"

"मडकी फोडून आलो होतो साहेब," बेन्या म्हणाला. "फुटकी मडकी पोत्यात घालून चर्चच्या पायरीशी आणली होती. भांबळ पाळक होते तेव्हा."

"आणि मग पुढचा ठराव?"

त्यांनी पुढची पानं उलटून बघितली.

"पंधरा वर्षं पुढचा ठराव झालाच नाही? शांतवनराव, तेव्हा पंचांनी किती मुदत ठरवली होती?"

मी म्हणालो, "जुनी गोष्ट आहे. लिहिलंय तेच."

पाळक बेन्याकडं वळले. "तुला आठवतं?"

"भांबळसाहेब तोंडानं तीन महिने म्हणाले होते. मग लेखी काय झालं, मला वाचता येत नाही. तीन महिन्यांनी मी सेक्रेटरीसाहेबांच्या दुकानात गेलो होतो. ते म्हणाले, कमिटी बसली की कळवतो." त्यानं चुलीतली राख सारली. "भांबळसाहेबांची बदली झाली. मी परत विचारलं नाही. म्हटलं, देवाच्या मनात नसल."

"आणि मंडळीतलं कुणी तुझ्याकडं यायचं का? प्यायला?"

हा प्रश्न पंधरा वर्षांपूर्वीही झाला होता. ह्याच खोलीत. तेव्हाही मी पुस्तक मांडीवर घेऊन बसलो होतो.

बेन्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "नाही साहेब. गिऱ्हाईक सगळं बाहेरगावचं होतं."

तेच वाक्य. एक शब्द बदलला नव्हता.

आता सांगतो. मी त्याचं गिऱ्हाईक होतो. चार वर्षं. शनिवारचा बाजार उठला की ओढ्याच्या बाजूनं जायचो आणि औषधाच्या बाटलीत भरून आणायचो. सगुणाला सांगायचो, पाठीचं औषध आहे. पंच होतो, सेक्रेटरी होतो, रविवारी तबक घेऊन फिरायचो. बेन्यानं मडकी फोडली तेव्हा मला वाटलं, आता माझं नाव येणार. पंचांनी त्याला खोदून खोदून विचारलं, आणि तो म्हणाला, बाहेरगावचं होतं. मी वाचलो. वाचलो म्हणून त्याचे आभार मानायला हवे होते. पण मला एवढंच दिसत होतं की तीन महिन्यांनी हा पुढच्या बाकावर येणार, मी ह्याच्यासमोर तबक धरणार, आणि हा माझ्या डोळ्यांत बघणार. म्हणून रात्री पक्का ठराव लिहिताना मी 'तीन महिने' लिहिलं नाही. 'पुढील ठराव होईपर्यंत' लिहिलं. आणि पुढचा ठराव मांडायचं काम सेक्रेटरीचं होतं.

दारू माझी सुटली. पण मी सोडली नव्हती. त्यानं मडकी फोडली, म्हणून सुटली.

पाळक मला म्हणाले, "शांतवनराव, तुम्ही पंगतीत वाढता ना? वाढपी कधी कुणाला पानावरून उठवतो का? मेज प्रभूचं आहे. त्यानं कुणाला बोलावलंय, ते तो आपल्याला विचारत नाही. उद्या उपासनेआधी पंच बसतील. तुम्ही ठराव मांडा. कुठला मांडायचा, ते तुम्हीच बघा." आणि ते गेले. मला वाटतं त्यांनी ओळखलं होतं.

मी आणि बेन्या उरलो. तो फडकं पिळत होता.

"तू का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगायचं?"

"माझं नाव."

"त्यानं माझी दारू माघारी आली असती का? मी विकली, तुम्ही प्यालात. पाप तर आधी माझंच हाय." त्यानं फडकं झटकलं. "शिवाय ताईंचं तोंड बघवलं नसतं."

"तिला माहीत होतं?"

बेन्या हसला. "दाजी, पाठीच्या औषधाला गुळाचा वास येतो का कुठं? त्यांना सगळं माहीत होतं. ठरावाचंबी. त्या दिवशी पंच चहाला तुमच्याकडं आले होते ना? तीन महिने म्हणून बोलले ते त्यांनी ऐकलं होतं. मग माझं तबक माघारी जायला लागलं तेव्हा त्यांना कळलं."

"मग मला बोलली का नाही?"

"मी तेच म्हणालो. ताई, तुम्ही सांगा त्यांना. तर म्हणाल्या, मी सांगून लिहिलं तर ते माझं लिहिणं होईल. त्यांचं त्यांनी लिहायला पायजे. देवानं माझ्यासाठी घाई केली नाही, मी त्यांच्यासाठी कशी करू?" त्यानं फडकं पातेल्यावर ताणून धरलं. "अन् म्हणाल्या, तोवर तू निदान रस कर. मेजावर तुला बसता येत नसलं तर तुझा हात तरी बसू दे."

मी पोत्यावर बसलो. ती बसायची त्याच पोत्यावर. पंधरा वर्षं ती माझ्या शेजारी जेवली, झोपली, मी थापलेल्या वाकड्या भाकऱ्या खाल्ल्या, आणि एक दिवसही तिनं मला टोचलं नाही. मी तिच्यावर तीन महिने घाणेरडा संशय घेतला होता.

"भाऊ म्हणून," मी म्हणालो, "फक्त भाऊ म्हणून?" इतकं झाल्यावरही मी विचारलं. माणूस असा असतो.

बेन्यानं चमकून माझ्याकडं बघितलं. त्याच्या लक्षात आलं. मला वाटलं, आता हा मला दोन शिव्या हासडणार. पण तो खोखो हसायला लागला.

"दाजी, सगळा वेळ मावशी दारात बसलेली असायची, तारे चिकटवत! अन् ताई मला पळीनं हाणायच्या. करपवलं की हाणायच्या."

मलाही हसू आलं. आणि मग बराच वेळ मी तिथं रडत बसलो. ती गेल्यानंतर पहिल्यांदा. बेन्या गाळत राहिला. त्यानं मला गप्प बस म्हटलं नाही.

रविवारी सकाळी पंच बसले. थोरातकाका आणि आणखी तिघं. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ओढा, बाटली, तीन महिने, मी काय लिहिलं आणि का. थोरातकाकांनी चष्मा पुसला.

"मी सही केली होती त्यावर," ते म्हणाले. "वाचतंय कोण! आपण म्हटलं, मकासरे लिहितात म्हणजे बरोबरच असेल."

मी पहिला ठराव मांडला, की बेन्यामीन वाघचौरे यांचं प्रभुभोजन आजपासून खुलं करण्यात येत आहे. थोरातकाकांनी अनुमोदन दिलं. मंजूर झाला.

"आता तुमचं काय?" थोरातकाकांनी विचारलं. "खोटं लिहिणं म्हणजे साधी गोष्ट नाही."

"मी दुसरा ठराव मांडतो," मी म्हणालो. "शांतवन मकासरे यांना पंच आणि सेक्रेटरी म्हणून काढून टाकावं आणि त्यांचं प्रभुभोजन पंधरा वर्षं बंद करावं."

"पंधरा?" कुणीतरी म्हणालं. "तोवर राहताय का तुम्ही?"

पाळक म्हणाले, "ठराव आला आहे. अनुमोदन कोण देतंय?"

कुणी देईना. एक जण खिडकीतून बाहेर बघत होता. एक जण पायांकडं. थोरातकाकांनी चष्मा पुन्हा काढला आणि पुन्हा पुसायला घेतला. मी वाट बघत होतो. मला खरोखर हवं होतं की कुणीतरी हात वर करावा. शिक्षा झाली असती तर मला मोकळं वाटलं असतं.

"अनुमोदन नाही," पाळक म्हणाले. "ठराव बारगळला. लिहा, सेक्रेटरी."

ते मला माझ्या हातानं लिहावं लागलं. पहिली घंटा होत होती.

उपासनेत मी तबक घेतलं, पण मी ठरवलं होतं की आपण आज घ्यायचं नाही. पंचांनी सोडलं म्हणून काय झालं. पाळकांनी मंडळीला बेन्यामीनचा ठराव वाचून दाखवला. लोकांनी माना वळवल्या. पंधरा वर्षांत तो बंद का होता हेच निम्म्यांना आठवत नव्हतं. सवयीनं तो शेवटच्या बाकावरच बसला होता. मी एकेक बाक करत गेलो आणि त्याच्यापर्यंत आलो तेव्हा तबकात दोनच पेले उरले होते.

मी तबक त्याच्यासमोर धरलं. त्यानं सवयीनं शेजाऱ्याकडं द्यायला हात पुढं केले, मग थांबला. माझ्या डोळ्यांत बघितलं. मी पंधरा वर्षं ज्याला भीत होतो, ते एवढंच होतं. त्यानं पेला दोन्ही हातांनी उचलला.

मी वळलो. एक पेला तबकात राहिला होता. तो मी तसाच मेजावर नेऊन ठेवणार होतो.

"दाजी."

तो हळू बोलला, पण चर्चमध्ये ऐकू गेलं. त्यानं आपला पेला बाकावर ठेवला, माझ्या हातातलं तबक काढून मांडीवर घेतलं आणि उरलेला पेला उचलून माझ्यापुढं धरला.

"घ्या."

"मी नाही आज."

"घ्या म्हणतो ना. ताई हाणतील मला."

मी घेतला.

पलीकडच्या रांगेत थोरातकाका तबक घेऊन उभे होते. पंच पाळकांच्या हातून घेतात. पंच नसलेल्या माणसानं, तेही शेवटच्या बाकावरून, पंचाला द्यायचं, असं आमच्या मंडळीत कधी झालं नव्हतं.

"साहेब," ते म्हणाले, "हे काही नियमात बसत नाही."

"नाहीच बसत, थोरातकाका," पाळक म्हणाले. मग त्यांनी आपला पेला उचलला. "आता सगळ्यांनी मिळून घेऊ या."